बांबूने मोजलेले पाणी आणि पडद्यावरचा तळ

वाचकाचे पत्र : आमचे गाव मुक्ताईनगर तालुक्यात, हतनूर धरणाच्या फुगवट्याच्या काठी आहे. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, गेली चाळीस वर्षे मच्छीमार संस्थेचे सभासद म्हणून याच पाण्यात जाळे टाकतात. मी भुसावळला नोकरी करतो. यंदा आम्ही फायबरची वीस फुटी होडी आणि एक लहान इंजिन घेतले असून तिच्यावर मासे, तळ आणि वाट दाखवणारे यंत्र बसवण्याचा विचार आहे. पन्नास हजारांपर्यंत खर्च करू शकतो. दुकानदार नऊ इंची पडद्याचे, दोन्ही बाजूंचे चित्र दाखवणारे यंत्र आणि सोबत समुद्राच्या नकाशाचे कार्ड घ्यायला सांगतो. धाकटा भाऊ म्हणतो की पाण्यात फेकून मोबाइलवर खोली दाखवणारा चेंडू पुरेसा आहे. नानांचे म्हणणे असे की, बांबू खोटे बोलत नाही, पैसे वाया घालवू नका. पहाटे धुके असले की मात्र त्यांनाही घाट सापडत नाही, म्हणून काळजी वाटते. माझे शालक नवापूर तालुक्यात उकाई धरणाच्या पाण्यात मासेमारी करतात. हेच यंत्र त्यांच्याकडेही चालेल का? कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले, कारण त्यात यंत्राविषयी तीन जणांची मते आहेत आणि पाण्याविषयी मात्र एकट्या नानांचे. दुकानदार पडद्याबद्दल बोलतो आणि धाकटे बंधू किमतीबद्दल. होडीखाली किती पाणी आहे, तळ खडकाळ आहे की गाळाचा, आणि कोणता मासा कोणत्या थरात राहतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यंत्रच नको आहे. ही निवड नानांच्या माहितीवरून करावी, असे माझे प्रामाणिक मत आहे, आणि तसे केल्यास यंत्राला त्यांचा विरोधही राहणार नाही.

निष्कर्ष आधी सांगतो, म्हणजे पुढचे वाचणे सोपे जाईल. पाच इंची, फार तर सात इंची पडद्याचे यंत्र घ्यावे. त्यात चर्प पद्धतीचा (या शब्दाचा अर्थ पुढे देतो) सोनार, म्हणजे ध्वनीने तळ आणि मासे शोधणारी यंत्रणा, असावा, सरळ खालचे बारीक चित्र देण्याची सोय असावी, स्वतःचे जीपीएस असावे, आणि तुम्ही पाण्यावर जसजसे फिराल तसतसा खोलीचा नकाशा ते स्वतः काढून साठवू शकेल असे असावे. नऊ इंची पडदा आणि समुद्राचे कार्ड तुमच्या उपयोगाचे नाही. चेंडूबद्दल पुढे लिहितो.

आता कारणे. हतनूरचा जलाशय तापी आणि पूर्णा यांच्या संगमाला पोटात घेऊन पसरलेला आहे, आणि पूर्णा आपल्यासोबत अकोला-बुलढाण्याकडच्या काळ्या जमिनीची माती घेऊन येते. पाण्याचा पसारा मोठा, पण खोली त्या मानाने कमी, आणि तळावर वर्षानुवर्षांचा मऊ गाळ, असे हे पाणी आहे. मासेशोधक यंत्रांच्या जाहिरातींतली चित्रे बहुधा खोल, स्वच्छ तलावांची किंवा समुद्राची असतात. त्या चित्रांवर विश्वास ठेवून घेतलेले यंत्र उथळ, गढूळ पाण्यात निराशा करते, आणि मग यंत्र वाईट होते असे लोक म्हणतात.

यंत्राचे मूळ तत्त्व सोपे आहे. होडीच्या मागच्या बाजूला पाण्यात बुडालेला ट्रान्सड्यूसर ध्वनीचा ठोका खाली सोडतो, तो ठोका तळावर किंवा माशावर आपटून परत येतो, आणि जायला-यायला लागलेल्या वेळावरून यंत्र अंतर काढते. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने धावतो, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक. तीन मीटर पाण्यात ठोका अवघ्या ४ मिलिसेकंदांत परत येतो. मासा दिसतो तो मुख्यतः त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे, कारण पाणी आणि हवा यांच्या सीमेवरून ध्वनी जोराने परततो.

पण हा ध्वनी सरळ रेषेत न जाता शंकूसारखा पसरत जातो, आणि तुमच्या निवडीचा निम्मा प्रश्न या शंकूत आहे. २०० किलोहर्ट्झच्या (हे ध्वनीच्या स्वराच्या उंचीचे माप) ठोक्याचा शंकू साधारण २० अंशांचा धरला, तर तीन मीटर खोलीवर तो जेमतेम एक मीटर रुंदीची जागा पाहतो. म्हणजे तुमच्या होडीच्या रुंदीएवढीही नाही. ८३ किलोहर्ट्झच्या सुमारास शंकू ६० अंशांपर्यंत रुंद होतो आणि त्याच खोलीवर साडेतीन मीटर रुंदी दिसते, पण चित्र थोडे भरड येते. वीस मीटर खोलीवर हेच आकडे अनुक्रमे सात आणि तेवीस मीटर होतात. यावरून दोन गोष्टी लक्षात येतील. एक, उथळ पाण्यात रुंद शंकू देणारी सोय यंत्रात असलीच पाहिजे, म्हणून ८३ आणि २०० अशा दोन्ही पट्ट्यांवर चालणारा ट्रान्सड्यूसर मागून घ्या. दुसरी, उथळ पाण्यात पडद्यावर मासा दिसला नाही याचा अर्थ तेथे मासा नाही असा होत नाही.

ही दुसरी गोष्ट माशांच्या स्वभावाशी जोडून पाहा. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात, आणि मृगळ तळाशी. पृष्ठभागापासून एक-दोन मीटरवर फिरणारा कटला होडीच्या आवाजानेच बाजूला सरकतो आणि शंकूच्या अरुंद टोकाखाली क्वचितच सापडतो. मरळ तर काठाच्या जलपर्णीत आणि गवतात असते, वर येऊन हवा घेते. तिच्यासाठी सोनारचा काहीच उपयोग नाही. तळाला चिकटून बसलेला शिंगाळा किंवा चिखलात दडलेली वाम तळाच्याच रेषेत मिसळून जाते. राहता राहिला रोहू आणि थव्याने फिरणारे मधल्या पाण्यातले मासे, ते दिसतील. म्हणून या यंत्रामुळे जाळ्यात दुप्पट मासा येईल अशी आशा धरून ते घेऊ नका. दुकानदाराने तसे सांगितले असेल तर त्याला तुमचे पाणी माहीत नाही.

चर्प या शब्दाची माहितीही येथेच देतो. जुनी यंत्रे एकाच स्वरात ठोका देत. चर्प यंत्र प्रत्येक ठोक्यात खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत चढत जाते, आणि परतणाऱ्या ध्वनीची त्या चढाशी तुलना करते. त्यामुळे एकमेकांजवळचे दोन मासे, किंवा तळापासून वीतभर वर असलेला मासा, वेगळा दिसण्याची शक्यता वाढते. उथळ आणि गढूळ पाण्यात हा फरक जाणवतो, म्हणून त्यासाठी थोडे जास्त पैसे देणे योग्य आहे.

मग यंत्र घ्यायचे कशासाठी? तळासाठी आणि खुणांसाठी, हे माझे उत्तर आहे.

तळाची रेषा हे मासेशोधकाचे सर्वांत विश्वासार्ह चित्र असते. कठीण तळ, म्हणजे मुरूम किंवा खडक, पडद्यावर जाड आणि ठळक पट्टा म्हणून येतो, आणि त्याच्या दुप्पट खोलीवर बऱ्याचदा दुसरा फिका पट्टा दिसतो, कारण ध्वनी तळ, पृष्ठभाग आणि पुन्हा तळ असा दोनदा फिरून आलेला असतो. मऊ गाळाचा पट्टा बारीक आणि अंधुक असतो. जलाशयाखाली नद्यांची जुनी पात्रे, बुडालेले बांध, विहिरींचे काठ, रस्त्यांचे भराव असे सगळे आजही आहे, आणि मासा अशाच चढ-उतारांच्या कडेला थांबतो. ही जागा नाना बांबूने शोधतात. यंत्र तीच जागा होडी न थांबवता दाखवील.

येथे बांबूविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण नानांचे वाक्य मला महत्त्वाचे वाटते. यंत्र बसवल्यावर तुम्ही बांबूने आणि पडद्यावर एकाच ठिकाणी खोली मोजाल तेव्हा दोन आकडे जुळणार नाहीत, आणि घरात वाद होईल. कठीण तळावर फरक पडला तर तो ट्रान्सड्यूसर पाण्यात जितका बुडलेला आहे तितकाच, म्हणजे वीतभर असतो. यंत्र स्वतःपासून खाली मोजते, पृष्ठभागापासून नाही. ही दुरुस्ती यंत्रात एकदाच भरून ठेवता येते. गाळाच्या तळावर मात्र बांबू अधिक खोली दाखवील, कारण तो गाळात रुततो, आणि २०० किलोहर्ट्झचा ध्वनी गाळाच्या वरच्या थरावरूनच परततो. अशा जागी दोन्ही आकडे खरे असतात. दोहोंतला फरक म्हणजे मऊ गाळाची जाडी, आणि मृगळ कोठे चरतो, नांगर कोठे धरणार नाही, खुंट कोठे पक्का बसेल, या सगळ्यांची उत्तरे त्या फरकात आहेत. होडीतून बांबू काढू नका.

मासे शोधणाऱ्या यंत्राचा जन्मही अशाच एका जाणत्या माणसाच्या बोलण्यातून झाला, हे नानांना आवर्जून सांगा. जपानमधील फुरुनो बंधू नागासाकी भागात मच्छीमारांच्या होड्यांवर विजेची कामे करत असत. मासे असतात तेथे पाण्यात बुडबुडे असतात, हे त्यांनी एका अनुभवी मच्छीमाराकडून ऐकले, त्यावरून ध्वनीने मासा शोधण्याची कल्पना पुढे नेली, आणि १९४८ साली व्यवहारात चालणारे पहिले मासेशोधक यंत्र तयार केले.

आता बाजूंचे चित्र दाखवण्याच्या सोयीबद्दल. या एका बाबतीत दुकानदाराचे म्हणणे मी पूर्णपणे नाकारत नाही. उथळ पाण्यात खालचा शंकू अरुंद असल्यामुळे डाव्या-उजव्या बाजूला दूरवर पाहणारा सोनार खरोखर उपयोगी ठरतो. बुडालेले झाड, खांब किंवा जुना बांध त्यात सावलीसह दिसतो. पण त्यासाठी होडी सरळ रेषेत, मंद आणि एकसारख्या वेगाने चालवावी लागते, वाऱ्याच्या लाटांनी ती डुलता कामा नये, आणि चित्र ओळखायला महिना-दोन महिने डोळा तयार करावा लागतो. शिवाय हे चित्र ४५५ किंवा ८०० किलोहर्ट्झ अशा उंच स्वरांवर बनते, ज्यांच्या लहरींची लांबी दोन-तीन मिलिमीटर असते. पुराचा गाळ पाण्यात तरंगत असतो त्या दिवसांत हे उंच स्वर लवकर विरतात आणि चित्र धूसर होते. सात इंची यंत्रात ही सोय तुमच्या मर्यादेत मिळाली तर घ्या, पण तिच्यासाठी नऊ इंचांवर जाऊ नका. समोरचा मासा हलताना दाखवणारी थेट सोनारची महागडी साधनेही अलीकडे आली आहेत; ती गळाच्या खेळाडूंसाठी आहेत, जाळे लावणाऱ्यांनी त्यांचा विचार करण्याचे कारण नाही.

पडद्याच्या आकाराविषयी माझा स्वतःचा अनुभव सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी गिरणा धरणाच्या पाण्यावर वापरण्यासाठी मी एका दुकानातून मोठ्या पडद्याचे यंत्र घेतले होते. सोबतचा ट्रान्सड्यूसर त्या यंत्राचा नव्हताच. खोका दुसऱ्या नमुन्याचा होता आणि जोडाच्या पिनांची संख्या जुळत नव्हती. दुकानदाराने तार कापून जोड बदलून दिला, आणि तेव्हापासून पडद्यावर पावसासारखे ठिपके येत राहिले. दोन हंगाम मी ते ठिपके मासे समजून जाळे टाकत होतो, याची आजही खंत वाटते. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो की, पैसे पडद्यावर कमी आणि ट्रान्सड्यूसरवर जास्त खर्च करा. तो त्याच नमुन्याचा आहे, मूळ जोडासह आहे आणि त्याची तार अखंड आहे, हे दुकानातच पाहा. तार लांब वाटली तर गुंडाळून बांधा, पण कापू नका. पक्के बिल घ्या, आणि हमी भारतात लागू आहे का हे त्यावर लिहून घ्या, कारण बाहेरच्या देशासाठी बनवलेले यंत्र येथे बिघडले तर दुरुस्तीला कोणी वाली नसतो.

यंत्रांत गार्मिनची स्ट्रायकर मालिका, लॉरन्सची हुक मालिका आणि हमिनबर्डची हेलिक्स मालिका ही नावे तुम्हाला दुकानात ऐकू येतील. मी एकाच कंपनीचे नाव पुढे करत नाही. त्याऐवजी दुकानदाराला एकच प्रश्न विचारा, की या नमुन्यावर नकाशाचे कार्ड नसताना मी स्वतः खोलीचा नकाशा काढू शकतो का. गार्मिनमध्ये या सोयीला क्विकड्रॉ म्हणतात, हमिनबर्डमध्ये ऑटोचार्ट. एकाच मालिकेतल्या काही नमुन्यांत ती असते, काहींत नसते, म्हणून खोक्यावरचे नाव पाहून समाधान मानू नका. दुकानात यंत्र सुरू करून यादीत ती सोय दाखवायला सांगा.

ही सोय मी इतकी का धरून बसलो आहे, ते आता सांगतो. समुद्राच्या नकाशाच्या कार्डात किनाऱ्याच्या खोल्या, दीपगृहे आणि बंदरांच्या वाटा असतात. हतनूरच्या पाण्यावर ते कार्ड घातले तर तुमची होडी कोऱ्या पडद्यावर किंवा एका निळ्या डागावर फिरताना दिसेल. तुमच्या पाण्याचा नकाशा तुम्हालाच काढायचा आहे, आणि तो नानांना बरोबर घेऊन काढायचा आहे. घाटापासून निघा, नाना सांगतील त्या वाटेने हळू फिरा, आणि प्रत्येक जागी यंत्रात खूण टाका : जुने पात्र, खडकाची कड, बुडालेले बाभळीचे झाड, जाळे फाटते ती जागा, वारा सुटला तर थांबायची आडोशाची जागा. जीपीएसची अचूकता मोकळ्या आभाळाखाली साधारण तीन ते पाच मीटर असते, त्यामुळे खूण जाळ्यासाठी पुरेशी आहे, पण अंधारात दगडाच्या कडेने वीतभर अंतर राखून जाण्यासाठी ती पुरेशी नाही. या खुणांचे अक्षांश-रेखांश एका वहीत लिहून ठेवा. यंत्र बिघडले तरी वही राहील.

या नकाशात एक मोठा धोका आहे. हतनूरची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून २१४ मीटर आहे, पण पाणी वर्षभर त्या पातळीवर राहत नाही. समजा, तुम्ही नकाशा काढला त्या दिवशी पातळी २१३.५ मीटर होती आणि उन्हाळ्यात ती २११ वर आली, तर नकाशावर चार मीटर दिसणाऱ्या जागी प्रत्यक्षात दीडच मीटर पाणी असेल, आणि जेथे दीड मीटर लिहिले आहे तेथे कोरडी जमीन असेल. म्हणून ज्या दिवशी नकाशा काढाल त्या दिवसाची तारीख आणि धरणाची पातळी वहीत नोंदवा. धरणाची दैनंदिन पातळी पाटबंधारे विभाग प्रसिद्ध करतो आणि ती स्थानिक वृत्तपत्रांतही येते. पूर गेल्यावर गाळ सरकतो, तेव्हा दिवाळीच्या सुमारास नकाशा पुन्हा तपासावा.

धुक्यात घाट सापडण्याचा तुमचा प्रश्न मात्र सर्वांत सोपा आहे, आणि केवळ त्यासाठीही हे यंत्र घ्यावे असे मी म्हणेन. निघताना वाटेची नोंद सुरू करायची. यंत्र गेलेल्या वाटेची रेघ पडद्यावर ठेवते, आणि परतताना त्याच रेघेवरून, कमी वेगाने, मागे यायचे. रेघेवर जाताना डोळे पडद्यावर खिळवू नयेत. एकाने पडदा पाहावा आणि दुसऱ्याने पुढचे पाणी, कारण धुक्यात समोरून येणारी दुसरी होडी कोणत्याही यंत्राच्या नकाशावर नसते. इंजिनाच्या होडीवर मागे दिवा आणि हाताशी शिट्टी ठेवा. धरणाच्या ४१ दरवाजांच्या बाजूला जी मनाई हद्द आहे तिच्या बऱ्याच अलीकडे धोक्याची खूण टाकून ठेवा. बऱ्हाणपूरकडे किंवा पूर्णेच्या खोऱ्यात जोराचा पाऊस झाला, की तुमच्या गावी आभाळ कोरडे असले तरी दरवाजे उघडतात आणि ओढ वाढते. त्या दिवसांत यंत्र चालू आहे म्हणून पाण्यात जाण्याचे धाडस करू नये. अंगावर तरंगते जाकीट नसेल तर यंत्राआधी ते घ्या; पन्नास हजारांतला पहिला खर्च तोच असावा.

बसवण्याविषयी. फायबरच्या होडीत ट्रान्सड्यूसर आतून चिकटवून तळातून ध्वनी पाठवण्याची पद्धत आहे, आणि तळ भरीव फायबरचा असेल तर साधा सोनार तसा चालतोही. पण तळात लाकूड, फोम किंवा हवेची पोकळी असेल तर तो चालत नाही, आणि बारीक चित्राचे उंच स्वर तर फायबरमधून धड जातच नाहीत. म्हणून मागच्या फळीवरच बसवा, इंजिनाच्या पंख्यापासून दीड-दोन फूट बाजूला, पंखा बुडबुडे फेकतो त्या बाजूला नको, आणि तोंड होडीच्या तळापेक्षा बोटभर खाली व पाण्याला समांतर राहील असे. फळीला थेट भोके पाडण्यापेक्षा आधी प्लॅस्टिकची जाड पट्टी चिकटवून तिच्यावर स्क्रू लावणे चांगले, म्हणजे जागा बदलायची वेळ आली तर होडी चाळणी होत नाही. घाटावर होडी ओढताना ट्रान्सड्यूसर वर उचलता आला पाहिजे; गाळात रुतून तुटण्याचा प्रकार सर्वाधिक होतो.

वीज १२ व्होल्टची लागते. पाच इंची यंत्र साधारण अर्धा अँपिअर घेते, सात इंची एक अँपिअरच्या आसपास. आपल्याकडे कपाशीच्या फवारणी पंपात जी १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासांची बॅटरी असते, ती पाच इंची यंत्राला एका पहाटेच्या फेरीसाठी पुरते. ती निम्म्यापेक्षा जास्त रिकामी करू नका, धनाच्या तारेवर फ्यूज लावा, आणि इंजिन सुरू करण्याच्या बॅटरीवरून यंत्राला वीज देऊ नका, नाहीतर इंजिनाचा खडखडाट पडद्यावर ठिपके बनून येईल. आपल्या जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, उन्हात उघडा ठेवलेला पडदा काळवंडतो. काम संपले की यंत्र काढून घरी न्यावे. चोरीचाही प्रश्न त्यातच सुटतो.

धाकट्या बंधूंचा चेंडू वाईट नाही. तो पाण्यात फेकायचा असतो आणि वायफायने खोली मोबाइलवर दाखवतो. काठावर बसून गळ टाकणाऱ्याला तो फार सोयीचा आहे. पण चालत्या होडीमागे तो ओढत नेणे, ओल्या हातांनी मोबाइल धरणे, आणि उन्हात मोबाइल तापून बंद पडणे, हे सर्व जाळे सांभाळताना जमणारे नाही. संस्थेतल्या कोणाकडे असेल तर एक दिवस मागून आणा आणि नानांना पडदा कसा वाचायचा ते त्यावर दाखवा. त्यात कळण्याची मुख्य गोष्ट एवढीच आहे, की पडद्याची उजवी कड म्हणजे आत्ताचे पाणी आणि डावीकडचे सर्व मागे गेलेले पाणी. तेथे दिसणारा मासा आता होडीखाली नसतो. माशांची छोटी चित्रे काढून दाखवण्याची सोय तर पहिल्याच दिवशी बंद करा, कारण गवत, बुडबुडे आणि फांद्या यांनाही ती मासाच समजते. ती बंद केल्यावर जी कमान दिसते ती खरी पाहावी : मासा शंकूत शिरताना दूर, मध्ये जवळ आणि बाहेर पडताना पुन्हा दूर असतो, म्हणून रेघ वाकते. थांबलेल्या होडीखाली थांबलेला मासा कमान न काढता लांब आडवी रेघ काढतो.

तुमच्या शालकांचे पाणी वेगळे आहे. उकाई धरण १९७२ साली पूर्ण झाले, आणि त्याची पूर्ण पातळी ३४५ फूट आहे. त्याच्या फुगवट्यात नवापूर भागातली शेते, गावठाणे आणि उभी झाडे बुडाली. तेथे खोली जास्त आहे, आणि जाळ्याचा शत्रू गाळ नसून बुडालेली झाडे आहेत. तुमच्यासाठी सुचवलेले यंत्र तेथे उत्तम चालेल, किंबहुना अधिक चांगले चालेल, कारण खोल पाण्यात शंकू रुंदावतो आणि खालचे बारीक चित्र उभे झाड अगदी फांद्यांसह दाखवते. उन्हाळ्यात खोल भागात वरचे उबदार आणि खालचे थंड पाणी यांच्या सीमेवर एक फिकी आडवी रेघ दिसू लागते. तिच्याखाली प्राणवायू कमी असतो आणि मासा बहुधा तिच्या वरच राहतो, त्यामुळे जाळे किती खोल सोडायचे ते कळते. हतनूरच्या उथळ, वाऱ्याने ढवळलेल्या पाण्यात ही रेघ क्वचितच मिळेल. नर्मदेच्या काठावरच्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील वाचकांनाही हेच लागू आहे, फक्त तेथे सरदार सरोवराची पातळी १३८.६८ मीटरपासून ११०.६४ मीटरपर्यंत उतरू शकते, म्हणून पातळीची नोंद न ठेवता काढलेला नकाशा तेथे सर्वांत घातक ठरेल. मात्र एकच यंत्र दोन घरांत फिरवू नका. बसवण्याची जागा बदलली की आकडे बदलतात, आणि खुणा एकमेकांत मिसळतात.

खरेदीपूर्वी मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात आणि तुमच्या संस्थेत चौकशी करा. २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत लाभार्थ्याच्या घटकांना सर्वसाधारण गटासाठी ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती व जमाती यांच्यासाठी ६० टक्के साहाय्याची तरतूद आहे. आधी वस्तू घेऊन नंतर अर्ज करणाऱ्यांना सहसा रिकाम्या हाताने परतावे लागते. संस्थेशी बोलण्याचे दुसरेही कारण आहे. जलाशयात बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्ले, संस्था सोडते, आणि पावसाच्या सुरुवातीला विणीसाठी चढणारा मोठा मासा कोणत्या वळणावर गोळा होतो हे तुमच्या पडद्यावर दिसू लागेल. त्या जागांच्या खुणा जाळ्यासाठी वापरायच्या नाहीत, असे सभासदांसमोर आधीच ठरवून टाका. एका होडीवर यंत्र आले की वर्षभरात दहा होड्यांवर येते, आणि तेव्हा हे ठरवणे कठीण होते.

यंत्र आल्यावर पहिला आठवडा होडीत जाळे ठेवू नका. नानांना पुढे बसवा, बांबू त्यांच्या हाती द्या, पडदा तुम्ही पाहा, आणि त्यांनी थांबा म्हटले त्या प्रत्येक जागी दोन्ही खोल्या वहीत लिहा : बांबूची डाव्या रकान्यात, पडद्याची उजव्या रकान्यात, वर तारीख आणि धरणाची पातळी. पंचवीस-तीस जागा झाल्या की त्या वहीच्या पानांची छायाचित्रे मला पाठवा. गाळाचा पट्टा कोठून कोठे आहे आणि जुने पात्र कोठे वळते, ते आपण त्यावरून मिळून पाहू.